वाकलेल्या पिना

९ जून

प्रिय बाबा,

गेलं वर्षभर आपण एकमेकांना पत्रं लिहितोय, पण त्यात असतं काय? तुम्ही लिहिता, तब्येत ठीक आहे, सुतारकामात हात बसलाय, अभ्यास कर. मी लिहिते, तब्येत ठीक आहे, अभ्यास चालू आहे, आई बरी आहे. परवा तुमची सगळी पत्रं एका बैठकीत वाचली, तर एकच पत्र पुन्हा पुन्हा वाचतेय असं वाटलं. माझीही तशीच असणार. म्हणून या वेळी खरंखुरं काहीतरी विचारते.

मला कॉम्प्युटर घ्यायचाय. तयार नाही, सुटे भाग आणून जोडलेला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक अख्खी इमारत कॉम्प्युटरवर उभी करून दाखवायची असते, आतून-बाहेरून, कुठल्या भिंतीवर ऊन कसं पडतं इथपर्यंत. कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद होते. एक चित्र तयार व्हायला कधी कधी अख्खी दुपार जाते, आणि अगदी शेवटचा कोपरा उरला की शिपाईकाका येऊन दिवे घालवतात. एका बिल्डरच्या ऑफिसने घरबसल्या असली चित्रं करून देशील का म्हणून विचारलंय. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मशीन स्वतःचं आहे ना?’ मी खुशाल हो म्हणून आलेय.

पैसे आई देतेय. पडद्यांच्या कारखान्यात तिने जादा पाळ्या केल्या. मामीने स्वतःच्या वाटच्या जादा पाळ्याही आईला देऊन टाकल्या, हे मला नंतर कळलं. तरी तयार मशीन जेवढ्याला मिळतं त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त जमलेत. त्यात बसवायचंय.

मामा गेला आणि तुम्ही तिकडे गेलात त्याला आठ वर्षं झाली. मामाचं नाव निघालं की आई उठून आत जाते. तुमचं तर निघतच नाही. मी तुम्हाला लिहिते हे तिला अजून माहीत नाही. तेव्हा फोन नको, पत्रं मैत्रिणीच्या पत्त्यावरच पाठवा.

तुम्ही आणि मामा दुकानात रोज मशीनं जोडायचात. मला दुसऱ्या कुणाला विचारायचं नाहीये.

तुमची,
खारूताई

---

२७ जून

लाडके खारूताई,

तुझं पत्र मी सुतारकामाच्या शेडमध्ये वाचलं आणि रंधा हातात तसाच राहिला. मुकादम म्हणाला, काय रे, वाईट बातमी का? मी म्हटलं, नाही, मुलगी कॉम्प्युटर घेतेय. तो म्हणाला, मग रडतोस कशाला?

आता नीट ऐक. प्रोसेसर चार कोरचा घे. चार म्हणजे भरपूर, उगाच कुणाच्या नादी लागून जास्त घेऊ नकोस. रॅम आठ जीबी. हार्ड डिस्क एक टीबीची, आणि घेताना कानाशी धरून हलवून बघ, आत काही खुळखुळलं तर परत दे. डीव्हीडी रायटर हवाच, नाहीतर कामं लोकांना देणार कशावर? मदरबोर्डचे दोन-तीन नंबर खाली लिहिलेत, ते डोळे मिटून घे. आम्ही त्यातले शंभरेक तरी बसवले असतील, एकही परत आला नाही. कॅबिनेट रुंद घे. मामा म्हणायचा, गिऱ्हाइकाला कॅबिनेट दिसतं आणि आपल्याला आतली हवा दिसते.

बसवताना आधी एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावायचा, अंगातली वीज निघून जाते. केसाला कंगवा फिरवून लगेच काम करायला बसायचं नाही. तुझी वेणी अजून तेवढीच लांब आहे का?

इथे आल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. ‘कुठे होतास’ आणि ‘हात वर कर’ एवढंच विचारतात. या पत्राला आठ पानं झाली असती, पण कागद चारच मिळतात.

बाबा

---

१६ जुलै

प्रिय बाबा,

आधी सांगते, वाईट वाटून घेऊ नका.

तुमचा कागद घेऊन मी बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने तो वाचला, मग मागच्या दोघांना बोलावून दाखवला. म्हणाला, ‘ताई, हे कुठल्या संग्रहालयातून आणलंत?’ तुम्ही लिहिलेल्या मदरबोर्डांपैकी एकही आता निघत नाही. त्यांच्यावर बसणारे प्रोसेसर नाहीत, त्यांची रॅमही वेगळी होती. चार कोरला तो म्हणाला, एवढे कमी तर आता फोनमध्येसुद्धा नसतात, दुप्पट असतात. डीव्हीडीचं म्हणाल तर कॅबिनेटला आता तिच्यासाठी खाचच नसते. हार्ड डिस्कही मागे पडली. त्याऐवजी च्युइंगमच्या पाकिटातल्या पट्टीएवढी एक चिप असते, ती सरळ बोर्डावर आडवी बसते. तिच्यात हलणारं काही नसतं, त्यामुळे कानाशी धरून उपयोग नाही. एसएसडी म्हणतात.

त्याने विचारलं, ‘कुणी लिहून दिलं हे?’ मी म्हटलं, माझ्या बाबांनी. ‘काय करतात?’ मी म्हटलं, याच धंद्यात होते. ‘आता कुठे असतात?’ मी म्हटलं, बाहेरगावी.

मी हे तुम्हाला सांगणार नव्हते. सगळं मिळालं म्हणून लिहायचं ठरवलं होतं. पण मग पुढची सगळी पत्रं मला खोटीच लिहावी लागली असती.

वेणी कापली. दोन वर्षं झाली.

खारूताई

---

२ ऑगस्ट

खारूताई,

तुझं पत्र मिळालं. तो माणूस बरोबर बोलला.

ते पत्र लिहिताना मी आपल्या दुकानातल्या मांडण्या डोळ्यांसमोर आणत होतो. कुठल्या खणात काय आहे ते मला अजून दिसतं. ते दुकान नाही, त्या वस्तू नाहीत, हे मला ठाऊक होतं, तरीही ठाऊक नव्हतं. इथे बसून माणसाला वाटतं की आपण आत आलो तेव्हा बाहेरचं सगळं जिथल्या तिथे थांबलंय, आणि आपण परत गेलो की पुन्हा चालू होईल.

मला एकच गोष्ट येत होती. तीही गेली. आता तुला देण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही, आणि खरं म्हणजे देण्याचा हक्क आधीही नव्हता. ज्या टेबलावर मी आणि तुझा मामा मशीनं जोडायचो, त्याच टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर त्याचं डोकं आपटलं, कारण मी त्याला ढकललं. भांडण कशावरून, तर गिऱ्हाइकाने परत आणलेलं एक मशीन कुणी बिघडवलं यावरून. बस्स, एवढ्यावरून. अशा माणसाला विचारून तू मशीन घेणार?

त्या दुकानदाराला विचार. तो हसला असेल, पण त्याला आजचं माहीत आहे. मला काही विचारत जाऊ नकोस. आधीसारखी पत्रं लिहिलीस तरी चालेल. नाही लिहिलीस तरी माझी तक्रार नाही.

बाबा

---

१४ ऑगस्ट

बाबा,

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं नाही, राग आला.

मामाचं काय झालं ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. मी त्याच्या मांडीवर बसून स्क्रू निवडायचे, खारूताई हे नावही त्यानेच ठेवलंय. मी तुम्हाला माफ केलंय की नाही, हे मला माहीत नाही. ते मी अजून ठरवलेलं नाही. कधी ठरवीन तेही सांगता येत नाही. पण कॉम्प्युटर मला लवकर घ्यायचाय.

तो दुकानदार आजचं सगळं जाणतो, बरोबर. म्हणून तर तो माझ्या गळ्यात एक काचेचं कॅबिनेट बांधतोय. आत इंद्रधनुष्यासारखे दिवे लागतात. मी म्हटलं, दिव्यांनी चित्र लवकर तयार होतं का? तो म्हणाला, ‘लुक येतो ताई.’ दुसऱ्या दुकानात गेले तर तिथला माणूस म्हणतो, सगळे पैसे ग्राफिक कार्डात घाला. तिसरा म्हणतो, प्रोसेसरमध्ये घाला. प्रत्येकाकडे जे पडून आहे तेच त्याला चांगलं वाटतं.

नवीन काय निघालंय ते मला कळतं, बाबा. ते वाचून कुणालाही कळतं. कशावर खर्च करायचा आणि कशावर हात आखडायचा, ते कळत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं तेच केलंत ना? सोबत काही पानं छापून पाठवतेय, हल्लीच्या वस्तूंची माहिती आहे. वाचा. रागावून बसायला तुमच्याकडे वेळ आहे, माझ्याकडे नाही.

खारूताई

---

३ सप्टेंबर

लाडके खारूताई,

तुझा मार पोचला.

पानं इतकी वाचली की घड्यांवर फाटली. माझ्या आधी ती पत्रं तपासणाऱ्या साहेबांनी वाचली होती. त्यांना संशय आला. मला बोलावून म्हणाले, ‘ही रॅम कोण? आणि ती कुठल्या स्लॉटमध्ये बसणार आहे? मदरबोर्ड म्हणजे मुलीच्या आईबद्दल काही सांकेतिक आहे का?’ मी त्यांना तासभर समजावलं. शेवटी म्हणाले, माझ्या मुलालाही घ्यायचाय, त्याला काय सांगू? म्हणजे आता माझी दोन गिऱ्हाइकं झाली.

आता कामाचं. गिऱ्हाईक आलं की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, काम कुठे अडतं? तुला ते बघता येईल. लॅबच्या मशीनवर चित्र तयार होत असताना बाजूला मीटर उघडून ठेव, प्रोसेसर किती चालतोय, मेमरी किती भरली, कार्ड किती राबतंय ते दिसेल. जे आधी काठोकाठ भरतं, तिथे पैसे घाल. मेमरी भरत असेल तर बत्तीस जीबीच्या खाली उतरू नकोस, मग कार्ड एक पायरी खालचं आलं तरी चालेल. कार्ड जुनं घेतलंस तरी हरकत नाही, फक्त डोळ्यांसमोर तासभर चालवून घे. बोर्ड असा बघ की रॅमच्या दोन खाचा रिकाम्या राहतील. पहिली कमाई झाली की त्या भर. कॅबिनेट सगळ्यात स्वस्त घे. दिवे तुझ्या खोलीत आहेत तेवढे पुरे.

आणि एसएमपीएसवर काटकसर करू नकोस. विजेचा डबा. तो दिसत नाही, म्हणून सगळे तिथेच पैसे वाचवतात, आणि तो गेला की सगळ्यांना घेऊन जातो. हे अजून बदललेलं नाही ना? पानांत वाचलं, नाही बदललेलं. त्या एका वाक्याने मला किती बरं वाटलं ते तुला कळणार नाही.

एक सांगायचं राहिलं. चांगल्या वागणुकीची सूट धरून माझी सुटका पुढच्या मे महिन्यात होईल असं म्हणतात. मी कुणाच्या घरी येणार नाही, घाबरू नकोस. पण तू कधी एखाद्या बागेत वगैरे भेटलीस, तर तुझ्या इमारतीची चित्रं बघायला मला आवडेल.

बाबा

---

१० ऑक्टोबर

बाबा,

वाटोळं झालं.

सगळं तुम्ही सांगितलंत तसं केलं. मीटर बघितला, मेमरीच भरत होती. बत्तीस जीबी घेतली. कार्ड एका मुलाकडून जुनं घेतलं, त्याच्या घरी बसून तासभर चालवून बघितलं, त्याच्या आजीने मला दोनदा पाणी विचारलं. एसएमपीएस चांगला घेतला. प्रत्येक वस्तू आली की आई हात पुसून बघायला यायची. बोर्डाच्या डब्यावर हात फिरवून म्हणाली, ‘केवढं बारीक काम आहे गं.’ इतक्या वर्षांत तिला असं काही निरखून बघताना मी पाहिलं नव्हतं.

गेल्या रविवारी जोडायला बसले. लोखंडाला हात लावला, सगळं केलं. प्रोसेसर बोर्डावरच्या सॉकेटवर, म्हणजे त्याच्या खोबणीवर, ठेवताना माझ्या बोटातून सुटला. कोपऱ्यावर पडला. आता पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, गवतासारख्या, हजारांवर, सगळ्या एका बाजूला झुकलेल्या. त्यातल्या पाच-सहा वाकल्यात. एक तर शेजारणीवर आडवी पडलीये.

दुकानदाराने बघितलं आणि बोर्ड परत माझ्या हातात दिला. म्हणाला, ‘वाकलेल्या पिनेला वॉरंटी नसते. दुसरा घ्या.’ दुसरा कशाने घेऊ? उरलेल्या पैशात कॅबिनेटसुद्धा कसंबसं आलंय. आई विचारते, कधी लागणार? मी म्हणते, एक वस्तू यायचीये. ती कारखान्यात जाते तेव्हा तिच्या पाठीकडे बघवत नाही. जादा पाळ्यांनी खांदा असा एका बाजूला गेलाय. मामीचाही.

मी कशाला एवढा शहाणपणा केला? तयार, हळू, जुनं काहीतरी घेतलं असतं तर निदान चाललं असतं. मला काहीच करता येत नाही, बाबा. लवकर लिहा. किंवा लिहू नका. आता लिहून काय होणार आहे?

खारूताई

---

२२ ऑक्टोबर

खारूताई,

साहेबांना विनंती केली, हे पत्र आजच्या थैलीत जातंय.

पिना तुटल्या नाहीत ना? वाकल्या म्हणजे मेल्या नाहीत. हे काम होतं. आमच्या वेळीही असे बोर्ड होते आणि लोक रडत यायचे. मी त्याला कधी हात लावला नाही, माझा हात जड. ते काम तुझा मामा करायचा. मी समोर बसून बघायचो. तो कसं करायचा ते मला पाठ आहे, ते लिहितो.

सुई घेऊ नकोस, चिमटा तर मुळीच नको. लीड घालायची पेन्सिल असते ना, ती घे. लीड काढून टाक. पुढची जी बारीक पोकळ नळी राहते, ती पिनेच्या टोकावर टोपीसारखी बसते. सकाळच्या उजेडात बस. दिवा वरून नको, बाजूने धर, म्हणजे सरळ पिनांची टोकं एका ओळीत चमकतात आणि वाकलेली काळी दिसते. टोपी घाल आणि उचल. ओढायचं नाही. केसाएवढं उचललं की थांब, पेन्सिल काढ, बघ. मग पुन्हा. जी आडवी पडलीये ती सगळ्यात शेवटी. मामा प्रत्येक पिनेनंतर खुर्चीवर मागे रेलायचा आणि छताकडे बघायचा. मला वाटायचं वेळ काढतोय. नंतर कळलं, हात थरथरायला लागायच्या आधीच तो थांबायचा.

पिन तुटली तरी तुझं चुकलं असं समजू नकोस. जोडायला बसलीस हेच बरोबर होतं.

मी आत्ता तिथे असायला हवं होतं. तुझा मामा तर हवाच होता.

बाबा

---

९ नोव्हेंबर

बाबा! बाबा! बाबा!

लागला!

तीन सकाळी गेल्या. पहिल्या दिवशी दोनच पिना केल्या आणि उठले. मीही छताकडे बघत होते, आमच्या छताला ओल आलीये हे मला या निमित्ताने कळलं. आडवी पडलेली शेवटी घेतली. तीही उठली. फोनने फोटो काढून मोठा करून बघितला, सगळी टोकं एका ओळीत! बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. मग पुन्हा फिरला आणि पडद्यावर अक्षरं आली. रॅम बत्तीस दाखवतेय. सगळी.

लॅबमध्ये दुपार खाणारं चित्र चहा होईपर्यंत तयार झालं. आई शेजारी उभी होती. पडद्यावर एकेक चौकोन भरत जातो ना, तसा ऊन पडलेला जिना दिसायला लागला. आई म्हणाली, ‘हा तू केलास?’ आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग मामीला फोन करून सांगितलं. आई हसत होती, बाबा. मोठ्याने. आवाज ओळखू येईना.

आत्ता ती ओट्यापाशी आहे आणि गुणगुणतेय. मी तिला आज सांगणार आहे. तुमच्याबद्दल, पत्रांबद्दल, मामाच्या युक्तीबद्दल. इतकी खूश मी तिला पुन्हा कधी बघेन कोण जाणे. आजच सांगते.

तुमची,
खारूताई

---

२० डिसेंबर

लाडके खारूताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अख्ख्या बराकीला सांगितलं. पिना म्हणजे काय हे एकालाही कळलं नाही, पण सगळ्यांनी पाठीवर थाप मारली.

त्यानंतर मी दोन पत्रं टाकली. मिळाली का? साहेब म्हणतात, थैली वेळेवर जाते. कामात असशील. बिल्डरचं काम सुरू झालं असेल. नुसतं ‘ठीक आहे’ एवढंच लिही. आधीसारखं. आधीची पत्रं मला आता चांगली वाटायला लागली आहेत.

बाबा

---

१२ फेब्रुवारी

तुम्हाला,

हे पत्र मी लिहितेय, मुलगी नाही. तुमची पत्रं तिने मला दाखवली, सगळी. तिने काही लपवलं नाही. मी बटाटे चिरत होते, ती मागून येऊन गळ्यात पडली आणि हसत हसत सांगायला लागली. मी तिला मारलं नाही, ओरडलेही नाही. मी फक्त सुरी खाली ठेवली. तिने माझं तोंड बघितलं आणि तिचं हसू मध्येच राहिलं. त्यानंतर ती या घरात हसलेली नाही, आणि मीही.

तुमची पत्रं मी वाचली. वाचायला नको होती. तुम्ही तिला चांगलं शिकवलंत. धमकावलं नाहीत, रडगाणं गायलं नाहीत, तिच्याकडून काही मागितलं नाहीत. तेच मला सहन होत नाही. त्या पत्रांतला माणूस मला माहीत होता. त्याच्याशीच मी लग्न केलं होतं. आठ वर्षं मी तो माणूस नव्हताच असं समजून दिवस काढले. आता तो आहे, आणि माझा भाऊ नाही.

पेन्सिलीची ती युक्ती माझ्या भावाची. ती त्याने स्वतः तिला शिकवायची होती, तिचा हात धरून. तुम्ही त्याचं तेवढंही घेतलंत. तुमच्या मनात तसं नव्हतं हे मला कळतं. कळून काय करू?

वहिनी कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. तिने आपल्या पाळ्या या मुलीसाठी सोडल्या. ती मला रोज विचारते, कॉम्प्युटर कसा चाललाय? काय सांगू तिला? हा कॉम्प्युटर कुणाच्या सांगण्यावरून जोडलाय हे तिला कळलं, तर ती मला काही बोलणार नाही. शेजारी बसून शिवत राहील. ते मला बघवणार नाही.

मुलगी विचारते, आई, मी पत्रं बंद करू का? मी म्हटलं, तुझं तू ठरव, तू मोठी आहेस. हे म्हणताना मी खोटं बोलत होते आणि तिला ते कळलं. तेव्हापासून ती ना तुम्हाला लिहिते, ना माझ्याशी धड बोलते. बिल्डरचं काम आलंय, ते करते. मशीनसमोर बसते तेव्हा पाठ माझ्याकडे असते.

तुम्ही सुटणार आहात असं वाचलं. सुटा. मी तुमचं वाईट चिंतत नाही. पण इकडे येऊ नका. आणि तिला बागेतही बोलावू नका.

खाली सही करायची सवय राहिलेली नाही.

---

२५ फेब्रुवारी

तुला,

तुझं पत्र मिळालं. त्यातलं एकही वाक्य खोडण्यासारखं नाही.

मी सुटलो की दुसऱ्या गावी जाईन. इथल्या सुतारकामाच्या मुकादमाने तिकडच्या एका वखारीचा पत्ता दिलाय. तुमच्या रस्त्याने मी येणार नाही.

तुझ्याकडे एकच मागतो. तिला ठरवायला लावू नकोस. तिने लिहिलं तर ती तुझ्यापुढे मान वर करणार नाही, आणि नाही लिहिलं तर स्वतःपुढे. एकोणीस वर्षांच्या पोरीवर हे ओझं नको. मी तिला वेगळं पत्र टाकतोय, असं की तिला माझाच राग यावा. राग आला की सोपं जातं. तू तिला यातलं काही सांगू नकोस.

तिच्या डोक्यावरून हात फिरवलास असं तिने लिहिलं होतं. तेवढं पुन्हा कर. बाकी माझं मागणं नाही.

---

२५ फेब्रुवारी

खारूताई,

बरेच दिवस तुझं पत्र नाही, ते बरंच झालं. मीच लिहिणार होतो. मला आता या पत्रांचा कंटाळा आलाय. तुझं मशीन झालं, काम संपलं. माझी सुटका जवळ आलीये, मला माझं बघायचंय. नव्या ठिकाणी जाऊन नव्याने सुरुवात करायची तर मागचं काही सोबत नको. तू लहान नाहीस, समजून घेशील. यापुढे पत्र पाठवू नकोस. पाठवलंस तरी मी उत्तर देणार नाही.

अभ्यास कर.

---

२० मार्च

प्रिय बाबा,

तुम्हाला खोटं लिहिता येत नाही. ‘मला माझं बघायचंय’ असं तुम्ही आयुष्यात कधी बोलला नाहीत. ‘अभ्यास कर’च्या खाली तुम्ही ‘बाबा’ लिहायला सुरुवात केली होती आणि मग ते खोडलंत. कागद तिथे खरवडलाय.

आईने मला काही सांगितलं नाही. पण तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि पुष्कळ वेळाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता. तिने तो का ठेवला ते मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. मी डोकं हलवलं नाही एवढंच. त्या दिवशी आम्ही दोघी एकत्र जेवलो.

मला खरं लिहू द्या. तुमचं पत्र वाचून, ते खोटं आहे हे कळून, मला आधी काय वाटलं असेल? हायसं वाटलं. तुम्हीच नको म्हणालात, मग मला काही ठरवायला नको. एवढा वेळ मी तेच शोधत होते, कुणीतरी मला नको म्हणावं. तुम्ही म्हणालात आणि मी तो दोर पटकन पकडला. एक दिवस गेल्यावर मला माझीच किळस आली. पण दोर सोडला नाही, बाबा. अजून सोडलेला नाही.

माफ करायचं की नाही हे ठरवायचं राहिलं होतं. आता ते ठरणारच नाही बहुतेक. तुम्ही समोर असता, भांडला असता, म्हातारे झाला असता, तर कधीतरी कळलं असतं. तुम्ही त्या नव्या ठिकाणी असाल आणि मी इथे, आणि ते तसंच मध्ये पडून राहील. तुमचं नवं गाव कुठलं ते मी विचारत नाही. कळलं तर मी गाडीचं वेळापत्रक बघेन.

माझी इमारत पूर्ण झाली. परीक्षकांना आवडली. त्यांनी विचारलं, मशीन कुणी जोडून दिलं? मी म्हटलं, मीच जोडलं. ते म्हणाले, शाबास.

हे पत्र पेटीत टाकून मी आईला आणायला कारखान्यात जाणार आहे. हल्ली तिला खांद्यामुळे पिशवी उचलवत नाही. मामी आणि ती दोघी फाटकापाशी थांबतात, मी दोघींच्या पिशव्या घेते, आणि आम्ही तिघी घराकडे चालतो.

उत्तर पाठवू नका, बाबा. आलं तर ते फोडल्याशिवाय मला राहवणार नाही.

खारूताई